घरातला सर्व्हर आणि शेजारधर्म

लास्टपास ही अमेरिकी कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळते. २०२२ मध्ये ग्राहकांच्या साठ्याच्या डिजिटल किल्ल्या तिच्या फक्त चार अभियंत्यांच्या हाती होत्या. त्यांच्यापैकी एकाच्या घरच्या संगणकावर प्लेक्स नावाचं सर्व्हर-सॉफ्टवेअर होतं. साठवलेले सिनेमे आणि गाणी घरातल्या कुठल्याही पडद्यावर पाहता यावीत यासाठी हौशी लोक ते वापरतात. त्यातली एक त्रुटी मे २०२० मध्येच जाहीर झाली होती आणि दुरुस्तही झाली होती. त्यानंतर सुमारे ७५ नव्या आवृत्त्या येऊन गेल्याचं प्लेक्सने पुढे सांगितलं. या घरात मात्र जुनीच आवृत्ती चालू होती. हल्लेखोर त्या त्रुटीतून संगणकात शिरले आणि कळफलकावरचं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्रॅम बसवून त्यांनी अभियंत्याचा मुख्य पासवर्ड मिळवला. पुढे कंपनीच्या साठ्यातून त्यांनी ग्राहकांच्या कुलूपबंद पासवर्ड-तिजोऱ्यांच्या प्रती उचलल्या.

कंपनी मोठी होती म्हणून याची बातमी झाली. सुरुवात मात्र एका घरातून झाली होती.

घरी सर्व्हर चालवणाऱ्याला सुरक्षिततेबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, “माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? चार फोटो, दोन लेख.” हा लेख त्या उत्तरासाठी आहे. हल्लेखोराला आपल्या ऐवजात फारसा रस नसतो. त्याला हवं असतं आपलं यंत्र, आपलं कनेक्शन आणि आपला पत्ता, कारण त्यांच्या आडून दुसऱ्याला गाठता येतं. म्हणून घरचा सर्व्हर नीट राखणं हा शेजारधर्म आहे, असं मी मानतो. तो पाळण्याची तयारी असेल, तर घरी सर्व्हर जरूर ठेवावा असंही मला मनापासून वाटतं.

सर्व्हर घरी कशाला?

वेबचा पहिला सर्व्हर एका टेबलावर होता. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस आपल्या नेक्स्ट संगणकावर तो चालवला. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्या संगणकावर तशी सूचना लाल शाईने हाताने लिहून चिकटवली होती. मागणी आली की पान पाठवायचं, एवढंच वेब सर्व्हरचं काम. अपाची आणि एनजिनएक्स हे ते काम करणारे प्रोग्रॅम आजही फुकट मिळतात. जगातल्या मोठमोठ्या वेबसाइट जे सॉफ्टवेअर वापरतात, तेच घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

तरीही आपण आपला मजकूर दुसऱ्यांच्या यंत्रांवर ठेवत आलो आणि अनेकदा गमावत आलो. जिओसिटीज या सेवेवरची लोकांची लाखो घरगुती पानं २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. तिथल्या मराठी कम्युनिट्यांमध्ये कविता, गडकोटांच्या वाटा आणि पाककृतींवर लोक रात्र-रात्र लिहीत असत. त्या चर्चांचा संग्रह काही काळ केवळ वाचण्यापुरता उरला आणि पुढे तोही गेला. ज्याचं यंत्र, त्याचा निर्णय. आपल्या गावाचा इतिहास, आजीच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण किंवा शाळेच्या जुन्या वार्षिकांकांची छायाचित्रं आपल्या अखत्यारीत ठेवावीत, ही इच्छा म्हणूनच रास्त आहे.

खर्चाचा अडसरही आता फारसा उरलेला नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेलं रास्पबेरी पाय हे तळहाताएवढं यंत्र २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आलं, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. पाच वॉट वीज घेणारं असं यंत्र महिनाभर अखंड चाललं, तर ३.६ युनिट खर्च होतात. बार्सिलोनात राहणारे क्रिस डी डेकर यांनी तर २०१८ मध्ये त्यांच्या ‘लो-टेक मॅगझिन’ची एक आवृत्ती घरातल्या सौर पॅनलवर चालणाऱ्या सर्व्हरवर नेली. त्यांचा सर्व्हर एक ते अडीच वॉटवर चालतो. अनेक दिवस ऊन पडलं नाही, तर वेबसाइट बंद पडते आणि ऊन आलं की पुन्हा सुरू होते. त्यांनी सगळी पानं आधीच तयार करून ठेवली आहेत. मागणी आली की डेटाबेसमधून पान घडवायचं, हा प्रकारच तिथे नाही. वीज वाचवण्यासाठी केलेल्या या रचनेने सुरक्षिततेचाही मोठा भाग आपोआप साधतो. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, प्लगइन नाहीत. जे नाहीच ते फोडणार कसं?

घरी सर्व्हर ठेवू पाहणाऱ्याने पहिला निर्णय हाच घ्यावा. लेख आणि छायाचित्रं दाखवायची असतील, तर साधी तयार पानं पुरतात. वर्डप्रेससारखी मोठी यंत्रणा तिची रोजची निगा राखता येणार असेल, तरच घरात आणावी.

पत्त्याचा प्रश्न

सर्व्हर सुरू झाला तरी जगाला तो सापडायला हवा. त्यासाठी आयपी पत्ता लागतो आणि आपल्याकडे पहिली अडचण तिथेच येते. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. भारतात घराघरांत इंटरनेट पोचलं ते बहुतांशी त्यानंतर. त्यामुळे कंपन्यांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. वाड्याला पत्ता एकच आणि आत पन्नास बिऱ्हाडं, तशी ही सोय. आतून बाहेर पत्र जातं, पण बाहेरून आलेलं पत्र नेमकं कोणत्या बिऱ्हाडाचं, हे ठरत नाही.

आपलं कनेक्शन असं आहे का, हे राउटरच्या माहितीच्या पानावर कळू शकतं. तिथे बाहेरच्या जोडणीचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ या आकड्यांनी सुरू होत असेल, तरी तो सार्वजनिक पत्ता नव्हे. मग बऱ्याच ठिकाणी जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. दुसरा मार्ग टनेलचा. त्यात आपला सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एखाद्या सेवेशी जोडणी करतो आणि पाहुणे त्या सेवेमार्फत येतात. घरचा पत्ता उघड होत नाही. मात्र अशा बहुतेक सेवांमध्ये सगळी ये-जा मध्यस्थाच्या नजरेखालून जाते, हे जाणून निवड करावी.

तिसरा मार्ग नव्या आयपीव्ही६ पत्त्यांचा. त्यांची टंचाई नाही आणि भारत त्यांच्या वापरात जगात आघाडीवर आहे. पण एक धोका ध्यानात ठेवायला हवा. जुन्या पद्धतीत सामायिक पत्त्यामुळे घरातली यंत्रं आपसूक झाकली जात. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला थेट जगाचा पत्ता मिळू शकतो. तिथे राउटरमधली फायरवॉल चालू आहे का, हे स्वतः तपासायलाच हवं.

न बोलावता येणारे

“माझा पत्ता कुणाला माहीत आहे?” हा समज सर्वांत घातक. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केलं. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांची एका पोर्टपुरती, म्हणजे यंत्राच्या एका दारापुरती, तपासणी ते ४५ मिनिटांच्या आत करू शकत होतं. जॉन मॅथरली यांचं शोडान हे शोधयंत्र २००९ पासून इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं नोंदवत आलं आहे. आयपीव्ही६ मधले पत्ते असे एकेक करून तपासणं अशक्य आहे, पण आपल्या नावाचं सुरक्षा-प्रमाणपत्र घेतलं की त्याची नोंद सार्वजनिक यादीत जाते आणि ती यादी कुणीही वाचू शकतो.

सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो. नवा सर्व्हर जगाला उघडल्यावर ती नोंद वाचणं हा मोठा धडा असतो. एकही ओळखीचा वाचक यायच्या आधी तिथे अनोळखी मागण्यांची रांग लागते. आपल्याकडे नसलेल्या वर्डप्रेसचं लॉगिन पान कुणी मागतं, कुणी पासवर्ड ठेवलेली फाइल चुकून उघडी राहिली आहे का ते पाहतं, कुणी रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पाय अशी वापरकर्त्यांची नावं एकामागून एक आजमावतं. यात व्यक्तिगत वैर काही नाही. हे प्रोग्रॅम जगातल्या प्रत्येक पत्त्याला तेच प्रश्न विचारत फिरतात. आपण लहान आहोत म्हणून ते आपल्याला वगळत नाहीत.

मिराईने काय दाखवलं

असा प्रश्न विचारणाऱ्याला होकार मिळाला तर काय होतं, ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी मिराई नावाचा प्रोग्रॅम लिहिला. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या आपसातल्या धंदेवाईक चढाओढीत तो जन्मला. त्याची युक्ती अगदी साधी होती. घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातून येतानाच ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या सुमारे साठ जोड्या त्यांच्यावर आजमावायच्या. लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली.

सप्टेंबर २०१६ मध्ये त्या यंत्रांचा लोंढा सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या वेबसाइटवर सोडण्यात आला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट होता. त्यांना विनामूल्य संरक्षण देणाऱ्या कंपनीलाही तो भार पेलवेना. शेवटी गूगलच्या पत्रकारांसाठीच्या योजनेने त्यांना आसरा दिला. त्यानंतर मिराईचा कोड उघड झाला आणि २१ ऑक्टोबरला तोच वापरून डाइन या कंपनीवर हल्ला झाला. वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगण्याचं काम ही कंपनी करत असे. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात तासन्‌तास मिळेनाशा झाल्या.

त्या लोंढ्यात सामील झालेल्या यंत्रांच्या मालकांपैकी बहुतेकांना काही कळलंही नसेल. त्यांचा कॅमेरा चालू होता, इंटरनेट चालू होतं, त्यांचं स्वतःचं काहीच गेलं नव्हतं. एका पत्रकाराचा आवाज मात्र त्यांच्या घरांतून दाबला गेला. म्हणूनच “माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे” हे उत्तर मला पटत नाही.

किती उघडायचं

घरच्या सर्व्हरची सुरक्षितता महागड्या साधनांवर कमी आणि संयमावर जास्त अवलंबून असते. पहिला नियम असा, की ज्याची गरज नाही ते उघडायचं नाही. वेबसाइटसाठी राउटरवर ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट पुरतात. टनेल असेल तर तेही लागत नाहीत. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. तिच्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतं. ती बंद करावी. केबलवाल्याने जोडून दिलेल्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. अशा सवयीने मिराईलाही बऱ्याच ठिकाणी अडवता आलं असतं.

दुसरा नियम असा, की जगाला दाखवायचं आणि फक्त आपण वापरायचं, यांची सरमिसळ करायची नाही. घरचे फोटो, कागदपत्रं, कॅमेऱ्याचं चित्रण यांना सार्वजनिक पत्ता देण्याचं कारणच नाही. बाहेरगावाहून ते पाहायचे असतील, तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी कुलूपबंद वाट, वापरावा. जेसन डॉननफेल्ड यांनी लिहिलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन-सॉफ्टवेअर २०२० मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात सामील झालं. त्याचा कोड मुद्दाम छोटा ठेवला आहे, म्हणजे तपासणाऱ्याला तो वाचून संपवता येतो. योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. चाचपडणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही.

तिसरा नियम वेगळेपणाचा. सर्व्हर ज्या नेटवर्कवर आहे, त्यावर घरातले फोन, बँकेच्या कामाचा लॅपटॉप आणि मुलांचा टॅब नसावा. चांगल्या राउटरवर वेगवेगळी नेटवर्क करता येतात. ते शक्य नसेल, तर सर्व्हर मुख्य राउटरला जोडावा आणि घरच्या यंत्रांसाठी त्यामागे फायरवॉल असलेला दुसरा राउटर ठेवावा. उद्या सर्व्हर फुटलाच, तरी हल्लेखोराला तिथून घरात सहज शिरता येऊ नये.

पासवर्डऐवजी किल्ली

दुरून सर्व्हर हाताळण्यासाठी एसएसएच वापरतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं. पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरण्याची सोय त्यात आहे. एक किल्ली सर्व्हरवर, दुसरी आपल्याच संगणकात. एसएसएचच्या मांडणीत पासवर्डचं लॉगिन पूर्ण बंद केलं, की दिवसरात्र पासवर्ड आजमावणाऱ्या प्रोग्रॅमचा सगळा खटाटोप वाया जातो. रूट या सर्वाधिकारी खात्यालाही थेट येऊ देऊ नये. फेल२बॅनसारखं साधन वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ रोखतं. ते उपयोगी आहे, पण किल्लीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

सवयी यंत्र बनवणाऱ्यांच्याही बदलाव्या लागतात. रास्पबेरी पायवर वर्षानुवर्षं ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड ठरलेला असे. २०१६ च्या नोव्हेंबरात त्यांनी एसएसएच मुळात बंद ठेवायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ते ठरलेलं खातंच काढून टाकलं. आता सुरुवातीलाच आपलं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. हल्लेखोरांच्या यादीत ‘पाय’ हे नाव मात्र अजून आहे, कारण जुनी यंत्रं अजून चालू आहेत.

वाचकाच्या बाजूनेही काळजी घ्यावी लागते. पान वाटेत कुणी बदलू नये यासाठी एचटीटीपीएस हवं. त्याच्या प्रमाणपत्रासाठी एके काळी वर्षाला पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सर्वांना खुली झाली आणि तो खर्च संपला. तिची प्रमाणपत्रं मुदतीची असतात, पण त्यांचं नूतनीकरण यंत्राकडून आपोआप करून घेता येतं. २०१४ पासून .भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. म्हणजे मराठी मजकूर, मराठी नाव आणि सुरक्षित जोडणी, तिन्ही घरच्या यंत्रावर साधतात.

दुरुस्ती आणि प्रत

लास्टपासच्या अभियंत्याचं घर ज्या त्रुटीमुळे फुटलं, तिची दुरुस्ती उपलब्ध होती. घरच्या सर्व्हरच्या बाबतीत अज्ञात, चमत्कारिक हल्ले विरळा. जाहीर झालेल्या आणि दुरुस्त न केलेल्या त्रुटीच घात करतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवण्याची सोय आहे. ती चालू करावी आणि चालू आहे ना, हे मधूनमधून पाहावं. ज्या यंत्राला कंपनी दुरुस्त्या देत नाही, ते इंटरनेटपासून तोडावं. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या हार्डडिस्कना २०१५ नंतर दुरुस्ती मिळाली नव्हती. जून २०२१ मध्ये दुरून आलेल्या आज्ञांनी जगभरातल्या अशा अनेक डिस्क पुसल्या गेल्या.

म्हणून प्रत हवी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. त्यात मी एवढीच भर घालीन, की एक प्रत सर्व्हरला हात लावता येणार नाही अशी तोडलेली असावी. याचं कारण डेडबोल्टने दाखवलं. जानेवारी २०२२ पासून या टोळीने क्यूनॅप कंपनीच्या घरगुती साठवण-यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद करून प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागायला सुरुवात केली. नेदरलँड्सच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये टोळीला चकवलं. पैसे पाठवायचे, किल्ली हाती येताच व्यवहार पक्का होण्याआधी तो मागे घ्यायचा, अशा रीतीने त्यांनी १५५ किल्ल्या मिळवल्या. पण किल्ल्या १५५च आणि बाधित यंत्रं हजारोंच्या घरात. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती, त्यांना त्या किल्ल्यांची वाट पाहावी लागली नाही.

आपल्याकडे प्रत लागते ती विजेमुळेही. पावसाळ्यात वीज अवेळी जाते-येते आणि चालू लिखाण अर्धवट राहिलं की मेमरी कार्ड बिघडू शकतं. सर्व्हर आणि राउटर दोघांनाही यूपीएस द्यावा, शक्यतो कार्डाऐवजी एसएसडी वापरावी आणि वर्षातून एकदा तरी प्रतीवरून सगळं खरोखर उभं करून पाहावं.

आपल्यामागे कोण उभं आहे

इतकं करूनही पूर्ण खात्री कुणीच देऊ शकत नाही. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं, की एसएसएचच्या लॉगिनला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. ते खोलात गेले आणि एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या छोट्या घटकात मुद्दाम लपवलेली चोरवाट त्यांना सापडली. जिया टॅन या नावाने कुणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक सहकाऱ्याचा वेश घेऊन, हे काम एकट्याने सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचा विश्वास मिळवला होता. ती चोरवाट असलेली आवृत्ती सर्वत्र पोचली असती, तर जगभरच्या लाखो सर्व्हरना धोका होता. एका माणसाने अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही, म्हणून ते टळलं.

आपल्या घरातला सर्व्हर अशा अनोळखी माणसांच्या चोख कामावर उभा असतो. त्यांनी केलेली दुरुस्ती वेळेवर बसवणं, एवढा वाटा तरी आपण उचलायला हवा. सरकारी पातळीवरही मदत आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र बाधित यंत्रं साफ करण्याची साधनं विनामूल्य देतं. आपल्या कनेक्शनवरून संशयास्पद हालचाल होत असल्याची सूचना आली, तर ती जाहिरात समजून पुसू नये. सर्व्हर तोडावा, नोंदी जपाव्यात आणि स्वच्छ प्रतीवरून तो नव्याने उभा करावा. फुटलेलं यंत्र नुसतं झाडून पुन्हा वापरात घेऊ नये.

हे सगळं मिळून महिन्याला एका संध्याकाळचं काम आहे. दुरुस्त्या बसल्या का, प्रती झाल्या का, कोणते पोर्ट उघडे आहेत, नोंदींमध्ये काही वेगळं दिसतं का, ही चार उत्तरं दर महिन्याला मिळायला हवीत. ज्याला तेवढा वेळ नाही, त्याने सर्व्हर बंद करावा. त्यात कमीपणा नाही, उलट तो जबाबदार निर्णय आहे. ज्याला तो वेळ काढता येईल, त्याने मात्र जरूर सुरुवात करावी. आधी फक्त घरापुरता सर्व्हर ठेवावा, हात बसला की चार साधी पानं जगाला उघडावीत. मराठीतला मोलाचा मजकूर दूरच्या कंपन्यांच्या मर्जीवर किती काळ ठेवायचा, याचा निर्णय अजून आपल्या हातात आहे. तो मजकूर आपल्या यंत्रावर ठेवणारे लोक वाढले आणि ते यंत्र दुसऱ्याच्या त्रासाचं कारण होणार नाही याची काळजी घेणारेही तेवढेच वाढले, तर एका टेबलावरून सुरू झालेल्या वेबमध्ये मराठी माणसाचाही हक्काचा वाटा राहील.